कोकराचा बाप कोण? मेंढ्यांच्या कळपातील डीएनए चाचणीची पार्श्वभूमी

कळपात बापाचा पत्ता लागत नाही हे कुणालाही पटतं. आईचाही भरवसा नसतो, हे मात्र पैदाशीच्या नोंदी ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतं. व्यायला टेकलेली मेंढी दुसरीचं नुकतंच जन्मलेलं कोकरू चाटून आपलंसं करते. जुळ्यातलं एक मागे राहतं आणि भलत्याच मेंढीमागे लागतं. सकाळच्या फेरीत कोकरांच्या कानाला नंबरचा बिल्ला मारणारा माणूस शेजारी उभ्या मेंढीचा नंबर आई म्हणून लिहितो आणि चूक वहीत कायमची बसते.

बापासाठी जुना उपाय कुंपणाचा. एक मेंढा, त्याच्याबरोबर चाळीस-पन्नास मेंढ्या, वेगळं कुरण. शिवाय मेंढ्याच्या छातीला पट्टा बांधून त्यात रंगीत खडू बसवायचा. मेंढी लागली की तिच्या पाठीच्या मागल्या भागावर रंग उमटतो. माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं, म्हणून तेवढ्या दिवसांनी रंग बदलायचा. पुन्हा रंग लागला तर पहिला फेरा वाया गेला असं समजायचं. यात बिघडायला जागा भरपूर. थंडीत कडक खडू उमटत नाही, उन्हात मऊ खडू पाघळतो. मेंढा बदलताना मध्ये पुरेसं अंतर ठेवलं नाही, तर दोन बापांची कोकरं एकाच आठवड्यात जन्मतात. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असला तरी चार-पाच दिवस मागेपुढे होतो, त्यामुळे तारखेवरून निवाडा करता येत नाही. आणि कुंपण ओलांडणाऱ्या मेंढ्याची नोंद कुठेच नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रक्तगट, हिमोग्लोबिनचे प्रकार आणि ट्रान्सफेरिन यांसारखी रक्तातली प्रथिनं हाताशी आली. त्यातून ‘हा बाप नाही’ एवढं कधीकधी ठामपणे सांगता येई. पण खुणा मोजक्या असल्याने आठ-दहा मेंढ्यांमधून एकावर बोट ठेवणं क्वचितच जमे. पुढची सगळी प्रगती ही मुख्यतः खुणा वाढवण्याचीच गोष्ट आहे.

सप्टेंबर १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे सापडले. पट्ट्यांचं ते चित्र न्यायालयात गाजलं, पण हजारो कोकरांसाठी ते गैरसोयीचंच: डीएनए भरपूर आणि न तुटलेला हवा, आणि ज्या जेलीच्या थरावर (जेल) या पट्ट्या उमटतात, त्या एका जेलवरच्या पट्ट्या दुसऱ्या जेलशी जुळवणं कटकटीचं. डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआर तंत्र आल्यावर आणि १९८९ पासून मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतली तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, खुणा म्हणून वापरात आल्यावर काम थेंबभर रक्तावर आलं. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए जातीच्या मेंढ्यांना कुणी राखणदार नाही. तिथे १९८५ पासून चालू असलेल्या अभ्यासात कोकरांचे बाप याच मार्गाने शोधले गेले आणि अनेक जुळ्यांचे बाप वेगवेगळे निघाले. डॉली ही क्लोन केलेली मेंढी खरोखरच एका प्रौढ मेंढीच्या पेशीपासून झाली का, ही शंकाही १९९८ मध्ये याच तंत्रांनी फिटली.

मायक्रोसॅटेलाइटची अडचण मोजमापाची. खुणेची लांबी एका प्रयोगशाळेत १४२ भरली तर दुसरीत १४४, म्हणजे मेंढ्याची तपासणी एकीकडे आणि कोकराची दुसरीकडे झाली की घोळ. एसएनपी या नव्या प्रकारच्या खुणेत डीएनएचं एकच अक्षर बदलतं, त्यामुळे उत्तर दोनपैकी एक. २००९ मध्ये मेंढीसाठी ५४,२४१ खुणा एकदम तपासणारी चिप आली. त्या साठ्यातून निवड सोपी झाली आणि २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या मेंढ्यांसाठी ८४, तर जगभरच्या जातींसाठी १६३ खुणांचे पितृत्वसंच प्रसिद्ध झाले.

एवढ्याच खुणा कशा पुरतात? खुणेची दोन रूपं, अ आणि ग, कळपात समसमान आहेत असं धरा. प्रत्येक जनावराला एक रूप आईकडून आणि एक बापाकडून मिळतं. कोकरू अ-अ आणि मेंढा ग-ग असेल, किंवा याच्या उलट असेल, तर तो बाप असूच शकत नाही. नात्यात नसलेल्या मेंढ्याबाबत असं आठात एकदा घडतं. म्हणजे १०० खुणांत बारा-तेरा ठिकाणी तो अडकतो. खरा बाप एकाही ठिकाणी अडकत नाही; प्रयोगशाळेची चूक धरून एखादी विसंगती माफ केली जाते. आईचीही तपासणी असेल तर परका मेंढा एकोणीसेक ठिकाणी अडकतो. पण आईची तपासणी नसेल तर खऱ्या बापाचा सख्खा भाऊ सहाच्या आसपासच अडकतो. त्यातल्या निम्म्या खुणा वाचता आल्या नाहीत की तीनच उरतात, आणि निकाल डळमळतो. सख्खे भाऊ एकाच कुरणात सोडू नयेत ते याचसाठी.

चाचणी यादीतल्या मेंढ्यांपैकीच बाप निवडते. विक्रीला गेलेला, मेलेला किंवा शेजारून आलेला मेंढा यादीत नसेल, तर ‘बाप सापडला नाही’ असा निकाल येतो. खुणा कमी असतील तर यादीतला त्याचा भाऊच बाप ठरू शकतो. म्हणून मेंढ्याचा नमुना कळपात सोडण्याआधी घ्यावा. कानाचा तुकडा घेताना टोचणीवर आधीच्या जनावराचं रक्त राहू देऊ नये. रक्ताचा थेंब टिपलेलं कार्ड पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालू नये, बुरशी धरते. सर्वांत महाग पडते ती नमुन्यांच्या ओळीतली एका खणाची सरक: एक नळी निसटली आणि पुढचे सगळे नंबर एकेक जागा पुढे गेले. प्रयोगशाळा अचूक, कागद चुकीचा.

महाराष्ट्रात मेंढीच्या डीएनए चाचणीचा जुना संबंध फलटणशी आहे, तोही पितृत्वासाठी नव्हे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक, फेकबी, दख्खनी जातीत आणलं. २००१ मध्ये त्यातला बदल कळल्यावर चाचणी थेट झाली: डीएनएचा १९० अक्षरांचा तुकडा विकराने कापायचा, जनुक असेल तर १६० आणि ३० असे दोन भाग, नसेल तर तुकडा अखंड. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या कामात साथ दिली. या एका खुणेनेही बाप तपासता येतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्याच्या प्रत्येक कोकरात एक प्रत उतरायलाच हवी. तुकडा अखंड निघाला तर मेंढा दुसरा किंवा बिल्ला चुकलेला. मात्र मेंढ्याकडे एकच प्रत असेल तर अखंड तुकड्यावरून त्याला बाद करता येत नाही, आणि असे दोन मेंढे एकत्र सोडले असतील तर शंभर खुणांच्या संचाकडेच जावं लागतं.