तक्रार समिती वेगळी, सहाय्य कार्यक्रमाची समिती वेगळी

वणी-माजरीच्या कोळसा खाणींत किंवा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांत नोकरी केलेल्या माणसाला कामगारांच्या वैयक्तिक तक्रारी सोडवणारी तक्रार निवारण समिती नव्याने समजावून सांगायला नको. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असले की ती नेमावी लागते, दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान असतात, अध्यक्षपद आळीपाळीने फिरते आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसतात.

कर्मचारी सहाय्य कार्यक्रम म्हणजे दारूचे व्यसन, सावकाराचे कर्ज, घरातला कलह, नैराश्य अशा अडचणींसाठी मालकाच्या खर्चाने मिळणारे गोपनीय समुपदेशन. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त समितीतही युनियन आणि व्यवस्थापन समोरासमोर बसतात, आणि बहुधा तीच माणसे दोन्हीकडे असतात. पहिली समिती कायद्याने येते, दुसरी आपसांतील कराराने, हा फरक सर्वांना कळतो. त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

खरा घोळ माणसाच्या नावाचा आहे. तक्रार समितीचे काम नावाशिवाय सुरूच होत नाही: अर्जदार कोण, कोणत्या पाळीत होता, कोणाविरुद्ध तक्रार आहे, हे कागदावर आल्यावरच निर्णय होतो, आणि त्या निर्णयाला कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची संमती लागते. सहाय्य कार्यक्रमाच्या समितीपुढे मात्र एकही नाव येता कामा नये. समुपदेशक कोण असावा, किती भेटी मोफत द्याव्यात, कुटुंबीयांना आणि ठेकेदाराच्या कामगारांना लाभ मिळेल की नाही, पर्यवेक्षकाने एखाद्याला तिकडे जाण्याचे सुचवले तर पुढे त्या पर्यवेक्षकाला काय कळवायचे, एवढेच तिने ठरवायचे. माणूस आणि त्याची अडचण हा समुपदेशकाचा विषय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नेही उपचारासंबंधीच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा माहिती कोणाला द्यायची, हेदेखील समुपदेशकच कायद्याच्या चौकटीत ठरवतो. त्यासाठी समितीची बैठक बोलावायची नसते.

‘आमचाच माणूस आहे, आम्हाला सांगा, आम्ही सांभाळून घेऊ’ हे युनियनच्या पुढाऱ्याचे म्हणणे आणि ‘डम्परवर पिऊन कोण चढतो ते आम्हाला कळायलाच हवे’ हे व्यवस्थापकाचे म्हणणे, दोन्ही मला सारखीच घातक वाटतात. पिऊन कामावर येणे हा शिस्तीचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे, त्याची वाट वेगळी आहे आणि ती तशीच राहावी. पण समुपदेशकाकडे गेल्याची नोंद चौकशीत पुरावा म्हणून वापरली गेली, तर त्यानंतर कोणीही त्या दाराशी फिरकणार नाही. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तिथे व्यसनाची कबुली देणाऱ्याला लाजेबरोबर पोलिसांचीही धास्ती असते, हे समितीने ध्यानात ठेवावे.

नाव फुटते ते बैठकीत क्वचितच. ते फुटते तिमाही अहवालात. ‘कार्यशाळा विभाग, महिला, 1’ असा रकाना छापला आणि त्या विभागात बाईच एक असली, तर वेगळे नाव लिहायची गरज उरत नाही. म्हणून छोट्या युनिटमध्ये विभागवार आकडे मागूच नयेत. संपूर्ण आस्थापनेचा एकच आकडा, तोही वर्षातून एकदा, पुरे. समुपदेशनाची खोली टाइम ऑफिसच्या शेजारी ठेवून बाहेर सहीचे रजिस्टर टांगणे तर मला अजिबात सहन होत नाही. वसाहतीत कोणाची मोटरसायकल कुठे उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. भेटीची जागा तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. तेवढे अंतर ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी शासनाची टेली-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

सर्वांत दुर्लक्षित जागा बिलाची. समुपदेशकाचे मानधन भेटीगणिक असले की लेखा विभाग बिलासोबत नावांची यादी मागतो, आणि एका कारकुनाच्या टेबलावर सगळा कार्यक्रम उघडा पडतो. समितीने करारातच लिहून घ्यावे की बिल सांकेतिक क्रमांकांवर निघेल, पडताळणी दोन्ही बाजूंना मान्य असलेला बाहेरचा लेखापरीक्षक करील, आणि क्रमांकाला नाव जोडणारी वही समुपदेशकाच्याच कपाटात कुलपात राहील.