‘रूल ऑफ थंब’ आणि अंगठ्याएवढ्या काठीची कथा

अनुभवावर बेतलेला ढोबळ ठोकताळा म्हणजे ‘रूल ऑफ थंब’. पण अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याची मुभा देणाऱ्या इंग्लिश कायद्यातून हा वाक्प्रचार आला, असे जे वर्षानुवर्षे सांगितले जाते, ते खरे नाही. तसा कायदा इंग्लंडमध्ये नव्हताच. १७८२ मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असे काही बोलल्याची वदंता उठली आणि व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी त्यांना काठ्यांचे भारे विकताना रंगवले. काठ्यांच्या टोकांना अंगठे होते. बुलर यांचा तसा निवाडा मात्र कुठेही सापडत नाही. शिवाय हा शब्दप्रयोग सतराव्या शतकातच, काटेकोर मोजमापाशिवाय अंदाजाने केलेल्या कामासाठी, वापरात होता. पत्नीला होणारी मारहाण अर्थातच खरी होती, आणि तिचा इतिहास सांगायला या दंतकथेची गरज नाही.