टीव्हीची पाकिटं आणि घरचा संगणक

डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून मालिकेचा भाग रेकॉर्ड केला, की तो त्याच बॉक्सवर छान दिसतो. तीच पेन ड्राइव्ह संगणकाला लावली, तर फाइल दिसते, तिचा आकारही दिसतो, पण काही केल्या ती उघडत नाही. याउलट फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग संगणकावर सहसा लगेच चालू होतं. बॉक्स स्वस्तातला, सेवा फुकटची, आणि तरी फाइल आपली. असं का?

दोन्हीकडे चित्र आकड्यांच्या रूपातच साठतं. फरक असतो तो कुलपाचा. घरच्या संगणकाचा टीव्ही रेकॉर्डर करायचा असेल, तर कुठलं कार्ड आणि कुठलं सॉफ्टवेअर हे नंतर. कुलूप कुठे आहे आणि कुठे नाही, हे आधी कळायला हवं. बाकीचं काम आजच्या संगणकाला फारच हलकं आहे.

पूर्वी नेमकं उलटं होतं. साधारण २००० सालाच्या आसपास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टीव्ही ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्हीचा सिग्नल संगणकात घेणारं कार्ड, सहज मिळायचं. केबलवाल्याची वायर थेट त्या कार्डात लावली की वाहिन्या संगणकाच्या पडद्यावर. पैसे भरून दिसणाऱ्या वाहिन्यांचं कुलूपसुद्धा केबलवाल्याच्या खोलीतच उघडलं जायचं आणि पुढे वायरीवर सगळं मोकळं यायचं. अडायचं ते साठवण्यापाशी. आपल्याकडच्या पाल या जुन्या प्रक्षेपण पद्धतीचं चित्र आकड्यांत उतरवलं की एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६ बिंदू, दर बिंदूला सरासरी दोन बाइट, आणि सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला दोन कोटी सात लाख बाइट आणि तासाला जवळजवळ ७५ जीबी. तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क ४० जीबीची असायची. म्हणून चित्र येत असतानाच ते दाबून लहान करावं लागे, आणि त्या कामात प्रोसेसर इतका गुंतायचा की मध्येच दुसरी खिडकी उघडली तर रेकॉर्डिंगमधल्या फ्रेम गळायच्या. हॉपॉग कंपनीने कार्डावरच चित्र दाबणारी एमपीईजी-२ची चिप बसवली, तेव्हा कुठे प्रोसेसरची सुटका झाली.

त्याच काळात, २००२ मध्ये, अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स नावाच्या प्रोग्रॅमरने केबल कंपनीच्या बॉक्सला वैतागून स्वतःचा रेकॉर्डर लिहायला घेतला. तो मिथटीव्ही. त्याची मांडणी आजही धडा म्हणून पाहावी अशी आहे: रेकॉर्ड करणारा भाग वेगळा, दाखवणारा भाग वेगळा, आणि दोघं दोन वेगळ्या यंत्रांवर असले तरी चालतं. पुढे आलेल्या अशा बहुतेक सॉफ्टवेअरनी हीच वाट धरली.

आपल्याकडे ट्यूनर कार्डांचा हा खेळ केबलच्या डिजिटायझेशनने संपवला. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांच्यासाठी ३१ मार्च २०१३ ची. वायर तीच राहिली, पण तिच्यातून येणारा माल बदलला. गंमत अशी की हा नवा माल संगणकाला जुन्यापेक्षा कितीतरी सोपा होता.

डिजिटल टीव्हीत चित्र आणि आवाज प्रक्षेपण केंद्रातच दाबून लहान केलेले असतात आणि त्यांचे तुकडे करून ते पाकिटांमधून पाठवले जातात. प्रत्येक पाकीट बरोबर १८८ बाइटचं. पहिला बाइट कायम एकच, ७१. संगणकाला प्रवाहात कुठेतरी मधेच उडी मारावी लागली, तर तो ७१ शोधतो, १८८ बाइट पुढे जाऊन पुन्हा ७१ आहे का ते बघतो, आणि चार-पाचदा जुळलं की पाकिटांच्या कडा सापडल्या म्हणून समजतो. त्यापुढच्या तीन बाइटमध्ये बाकीचा पत्ता. त्यात १३ बिटचा एक क्रमांक असतो, म्हणजे ८,१९२ निरनिराळे क्रमांक शक्य. एका वाहिनीच्या चित्राला एक क्रमांक, आवाजाला दुसरा. कुठल्या वाहिनीचे क्रमांक कोणते, याची यादी कुठे मिळेल हे शून्य क्रमांकाचं पाकीट सांगतं. कार्यक्रमपत्रिका १८ क्रमांकाच्या पाकिटांतून येते.

उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे एका वारंवारितेवरून, सेकंदाला साधारण ४ कोटी बिट उतरतात. भागाकार केला तर सेकंदाला २६-२७ हजार पाकिटं. त्यांत दहा-पंधरा वाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. रेकॉर्डिंग म्हणजे टपाल कचेरीतल्या सॉर्टिंगचंच काम: हव्या त्या क्रमांकाची पाकिटं उचलायची आणि आहेत तशी डिस्कवर टाकायची. पाकीट फोडायचीही गरज नाही. साध्या दर्जाची वाहिनी ३ मेगाबिटने येत असेल, तर तासाभराची फाइल होते जेमतेम १.३५ जीबी, आणि प्रोसेसरला तिची जाणीवही होत नाही. पंधरा वर्षं जुना डेस्कटॉप यासाठी पुरतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही पुरतो.

पाकिटं फोडून चित्र उलगडणं हे खरं कष्टाचं काम, आणि तेही एके काळी संगणकाला जड जायचं. आज घरोघरी असलेला व्हीएलसी प्लेअर याच कष्टातून निघाला. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवरून उपग्रह टीव्ही पाठवायचा घाट घातला. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम २००१ मध्ये त्यांनी सर्वांना खुला केला. म्हणजे व्हीएलसीचं मूळ काम सिनेमाच्या फाइली दाखवणं नव्हतंच, टीव्ही दाखवणं होतं.

आता कुलूप. पाकिटाच्या त्या चार बाइटच्या मथळ्यात दोन बिट असतात. दोन्ही शून्य असतील तर आतला माल उघडा, नाहीतर गुप्त संकेतात गुंडाळलेला. गुंडाळण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि नवी किल्ली त्याच प्रवाहातून, पण तीही गुंडाळूनच येते. ती उलगडायची सोय बॉक्समधल्या चिपमध्ये किंवा स्मार्ट कार्डात. तुमच्या ट्यूनर कार्डाला ही पाकिटं इतरांसारखीच दिसतात, ती डिस्कवरही जातात, पण उलगडत नाहीत. डीटीएचचा बॉक्स पेन ड्राइव्हवर लिहिताना स्वतःचं आणखी एक कुलूप घालतो, म्हणून ती फाइल फक्त त्याच्यापाशी उघडते. बॉक्सच्या एचडीएमआय वायरीतून चित्र पकडावं म्हटलं, तर तिथेही एचडीसीपी नावाचा पहारा असतो.

कायद्याचं म्हणाल, तर भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा देतं. घरी बघण्यासाठी मालिका साठवून ठेवणं हा गुन्हा नाही. ती फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं ही वेगळी गोष्ट. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं. ग्राहकाने पैसे मोजलेला कार्यक्रम त्याने कुठल्या पडद्यावर बघावा हे बॉक्सने ठरवावं, हे मला तरी पटत नाही. पण घरचा रेकॉर्डर उभा करायचा, तर उघडा प्रवाह शोधणं हाच शहाणपणा.

तो उघडा प्रवाह आपल्याकडे आहे: दूरदर्शनची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. पुण्यातून बघायचं तर दक्षिण आणि पूर्व यांच्या मधोमध, आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. डिश प्रत्यक्षात यापेक्षा उभी दिसते, कारण घरगुती डिश तिरक्या परावर्तनाची असते. तिचं ‘बघणं’ तिच्या तोंडाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतं. गच्चीवर पहिल्यांदा डिश लावणारे इथेच फसतात.

डिशच्या टोकाला असलेला एलएनबी, म्हणजे लहर पकडणारा छोटा डबा, हा सगळ्या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित हुशार भाग. उपग्रहाकडून येणारी लहर ११ हजार मेगाहर्ट्झच्या पुढची. ती वायरीतून दहा मीटर नेली तरी विरून जाईल. म्हणून एलएनबी तिच्यातून ९,७५० वजा करतो. ११,५५० ची लहर १,८०० मेगाहर्ट्झची होऊन वायरीत उतरते. एलएनबीला वीज त्याच वायरीतून उलट दिशेने जाते, आणि ती वीजच निरोपही असते: १३ व्होल्ट दिले तर उभ्या ध्रुवणाच्या (उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या) लहरी घे, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. यामुळेच एका वायरीवर साधा स्प्लिटर लावून घरचा बॉक्स आणि संगणक दोन्ही जोडले, की कधी दोघंही चालतात, कधी एकमेकांचे निरोप बिघडवतात. दोन तोंडांचा एलएनबी घेऊन दोन वेगळ्या वायरी ओढणं हा साधा उपाय.

कार्ड किंवा यूएसबी ट्यूनर घेताना खोक्यावर डीव्हीबी-एस किंवा एस-२, म्हणजे उपग्रहावरच्या डिजिटल टीव्हीच्या पद्धतीचं नाव, लिहिलंय ना, हे पाहावं. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या बऱ्याच काड्या डीव्हीबी-टीच्या, म्हणजे युरोपातल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी असतात आणि डिशला त्यांचा काही उपयोग नाही. (त्यातली रियलटेकची चिप असलेली काडी मात्र चुकून आली तरी फेकू नका. ती कच्च्या रेडिओ लहरी मोजून देते हे लक्षात आल्यापासून जगभरचे हौशी लोक तिच्यावर विमानांचे संदेश आणि हवामान उपग्रहांची चित्रं पकडतात.)

सॉफ्टवेअरसाठी लिनक्सवर टीव्हीहेडएंड पुरेसं आहे. ते एकदा बसवलं की त्याला पडदा लागत नाही. घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून त्या संगणकाचा पत्ता आणि ९९८१ हा पोर्ट टाकला की त्याचं पान उघडतं. उपग्रह निवडायचा, शोध लावायचा, वाहिन्या भरून येतात. बघायला टीव्हीवर कोडी हे प्लेअर सॉफ्टवेअर, फोनवर व्हीएलसी. वेळ लावताना सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटं जादा धरावीत, कारण वाहिन्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ क्वचितच जुळतं. वाहिनी पत्रिका नीट पाठवत नसेल, तर वेळ हातानेच भरावी. एकाच ट्रान्सपाँडरवरच्या दोन-तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात, कारण सगळी पाकिटं तशीही दारात आलेलीच असतात. वेगळ्या ट्रान्सपाँडरवरची वाहिनी हवी असेल, तर दुसरा ट्यूनर लागतो.

फाइल संगणकावर लावली की एक दोष हटकून दिसतो. निवेदक स्थिर असेपर्यंत चित्र उत्तम, आणि गोलंदाज धावू लागला की त्याचा हात आडव्या रेघांनी चिरल्यासारखा. फाइल बिघडलेली नसते. जुन्या काचेच्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत पाठवायची पद्धत पडली: आधी विषम क्रमांकाच्या रेघा, मग सम. सेकंदाला ५० अर्धी चित्रं. दोन अर्ध्यांमध्ये एक पन्नासांश सेकंद जातो आणि तेवढ्यात गोलंदाजाचा हात सरकलेला असतो. काचेचा पडदाही तशाच हप्त्यांनी उजळायचा, त्यामुळे डोळ्याला खटकत नसे. सपाट पडदा मात्र दोन्ही हप्ते एकदम दाखवतो. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करून यादिफ २एक्स निवडलं, तर प्रत्येक अर्ध्या चित्रातल्या गाळलेल्या रेघा आजूबाजूच्या रेघांवरून अंदाजाने भरल्या जातात आणि सेकंदाला पूर्ण ५० चित्रं मिळतात. क्रिकेटसाठी हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. बातम्यांसाठी फारसा नाही.

राहता राहिला पाऊस. फ्री डिश ज्या वारंवारितांच्या पट्ट्यात येते, तिथली लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची, त्यामुळे जाड थेंबांची सर तिला शोषते आणि विखुरते. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश ज्या सी पट्ट्यावर चालतात, तिथली लहर सात-आठ सेंटिमीटरची. तिला पावसाचं एवढं भय नाही. संरक्षण म्हणून डीव्हीबी-एस प्रक्षेपणात प्रत्येक १८८ बाइटच्या पाकिटाला १६ बाइटची पुरवणी जोडलेली असते, आणि तिच्या आधारे ट्यूनर एका पाकिटातले आठ बाइटपर्यंतचे बिघाड स्वतः दुरुस्त करतो. त्यापलीकडे पाकीट वाया. म्हणून डिजिटल चित्र जुन्या टीव्हीसारखं हळूहळू मुंग्यामुंग्यांचं होत नाही. शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकाएकी चौकोनांत तुटतं. कोरड्या दिवसांत चित्र चांगलं दिसतंय म्हणून डिश तशीच सोडू नये. सिग्नलचा आकडा बघत ती थोडी इकडे-तिकडे हलवून जितका वाढेल तितका वाढवून घ्यावा आणि मगच बोल्ट आवळावेत. ही जादा शिल्लक जुलैत कामी येते.

पावसातलं रेकॉर्डिंग ठीक झालंय का, हे तपासायला ते पूर्ण बघावं लागत नाही. प्रत्येक क्रमांकाच्या पाकिटांवर ० ते १५ असा फिरता आकडा असतो. मधला एखादा हरवला की संगणकाला कळतं. टीव्हीहेडएंड अशा गळत्या मोजून प्रत्येक फाइलपुढे चुकांचा आकडा दाखवतं. पाच-दहा असेल तर बघताना एखादा झटका जाणवेल. शेकड्यांत असेल तर फाइल पुसून टाकावी आणि दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रक्षेपण लावून ठेवावं.