लेखकभेट आणि स्वाक्षरी (पुस्तकांच्या दुकानातील)

पुस्तकांच्या दुकानात लेखकाला बोलावून त्याची आणि वाचकांची समोरासमोर गाठ घालून देण्याची प्रथा. लेखक पुस्तकातला थोडा भाग वाचतो, प्रश्नांना उत्तरे देतो आणि विकत घेतलेल्या प्रतींवर सही करतो. प्रकाशन समारंभाला सभागृह, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे लागतात. येथे टेबले बाजूला सारून वीस-पंचवीस खुर्च्या मांडल्या की झाले. ऑनलाइन विक्रेते देतात तेवढी सवलत छोट्या दुकानाला परवडत नाही, म्हणून ही संध्याकाळ त्याच्या दृष्टीने फार मोलाची.

या प्रथेच्या इतिहासात पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’चे नाव टाळता येत नाही. सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ मध्ये हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले, सोबत वाचनालयही चालवले. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी इंग्लंड-अमेरिकेत छापायला कोणी धजेना, तेव्हा ती २ फेब्रुवारी १९२२ रोजी बीच यांनी स्वतः प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रतींपैकी १०० प्रती उंची हातकागदावर, जॉइसच्या सहीनिशी, ३५० फ्रँकला होत्या; साध्या कागदावरची बिनसहीची प्रत १५० फ्रँकला मिळे.

पुढे मंदी आली, अमेरिकन गिऱ्हाइके मायदेशी परतली आणि दुकान बंद पडायची वेळ आली. त्या वेळी फ्रेंच लेखक आंद्रे जीद यांच्या पुढाकाराने लेखकच धावून आले. १९३६ पासून सभासदांसाठी वाचने सुरू झाली. वार्षिक वर्गणी २०० फ्रँक, आणि सभासदही २०० च, कारण त्याहून जास्त माणसे त्या जागेत मावत नव्हती. जीद, पॉल व्हालेरी, टी. एस. एलियट तेथे वाचून गेले. चारचौघांत वाचायला नाखूश असलेला हेमिंग्वेही १९३७ मध्ये बीचबाईंच्या शब्दाखातर उभा राहिला. लेखकाला दुकानापर्यंत आणते ती अशी ओढ; मानधन बहुधा नसतेच. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४१ साली हे दुकान बंद झाले. त्याच नावाचे आजचे दुकान वेगळे: जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ मध्ये उघडलेल्या दुकानाला १९६४ मध्ये हे नाव मिळाले. तेथेही लेखकांची वाचने होतात.

सहीचीही एक रीत आहे. ती बहुधा आतल्या शीर्षकपानावर करतात. रांगेतल्या वाचकाचे नाव दुकानातले कोणीतरी आधीच चिठ्ठीवर लिहून घेते. ‘कीर्ती’ की ‘किर्ती’, हे तेव्हाच विचारलेले बरे, कारण शाईतली चूक खोडली तरी दिसते. काहींना ‘सप्रेम’, ‘शुभेच्छांसह’ असा मजकूर हवा असतो, तर संग्राहक नुसती सही मागतात; नावानिशी लिहिलेली प्रत पुढे विकायला अवघड जाते, अर्थात ते नाव स्वतःच प्रसिद्ध असेल तर गोष्ट वेगळी. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००६ मध्ये ‘लाँगपेन’ हे दुरून सही करण्याचे यंत्र लोकांसमोर आणले. यंत्राने शाई कागदावर उतरते, पण नाव विचारताना वर पाहणारी नजर उतरत नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या फोर्ट भागातील ‘किताबखाना’ आणि पुण्यातील ‘अक्षरधारा’ येथे असे कार्यक्रम होतात. ‘मॅजेस्टिक गप्पां’मध्ये लेखकाशी संवाद असतो, मात्र तो दुकानाबाहेर, सभागृहात. साहित्य संमेलनात तर प्रकाशकाच्या गाळ्यावर उभ्या-उभ्याच सह्या होतात.

पावसाने एखाद्या संध्याकाळी पाचच वाचक येतात. जाणता दुकानदार तेव्हा रिकाम्या खुर्च्या उचलतो, उरलेल्या गोल मांडतो आणि चहा सांगतो. अशा बैठकीत लेखक भाषण सोडून बोलू लागतो, वाचकही न बिचकता विचारतात. नंतर दुकानातल्या उरलेल्या काही प्रतींवर सह्या होतात आणि त्या गल्ल्याजवळ ठेवल्या जातात, येऊ न शकलेल्यांसाठी.