हाडाच्या वेलाला मांडव

पावसाळा सरला की मालवण-वेंगुर्ल्याच्या वाळूत होडीच्या आकाराचे पांढरे, हलके तुकडे सापडतात. हा समुद्रफेस, म्हाकुलाच्या पाठीतलं कवच. सोनार त्यात साचा कोरतात, पोपटाच्या पिंजऱ्यात तो अडकवतात. नखाने खरवडला तर खडूसारखी पूड निघते. मोडून भिंगाखाली धरा: एकावर एक पातळ थर, थरांना तोलणारे बारीक उभे खांब, बाकी सगळी पोकळी. प्रयोगशाळेत हाड वाढवू पाहणाऱ्यांना नेमकी अशीच पोकळी हवी होती.

पेशी आधी हाती आल्या. १९६० नंतरच्या दशकात मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी दाखवलं, की अस्थिमज्जेतल्या काही पेशी प्राण्याच्या शरीरात दुसरीकडे रोवल्या तर तिथे नवं हाड धरतं. १९९१ साली अमेरिकेत अर्नोल्ड कॅप्लान यांनी या पेशींना 'मेझेन्कायमल स्टेम सेल' म्हटलं, म्हणजे हाडासारख्या ऊती घडवू शकणाऱ्या मूळपेशी. पुढे हे नाव बदला असं तेच सांगू लागले, पण तोवर ते रुळलं होतं.

परसात पडवळ लावताना बी कितीही चांगलं असलं तरी मांडव लागतोच. पेशींचंही तसंच. त्यांचा मांडव रक्तवाहिन्या शिरतील इतका सच्छिद्र, भार सोसेल इतका टणक असावा, आणि हाड भरत जाईल तसा विरघळून गेला तर उत्तमच. माणसाला असा मांडव बांधणं जड जातं. समुद्रातले जीव तो सहज बांधतात.

१९७४ साली डेला रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने पोवळ्याचा कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात उष्णता आणि दाब देऊन हायड्रॉक्सिअपेटाइटमध्ये बदलला, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाच्या जवळ नेला. आतली छिद्रं जशीच्या तशी राहिली! २००५ च्या सुमारास हीच रीत समुद्रफेसावर वापरली गेली, सुमारे २०० अंश सेल्सिअसला. आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, आणि २००१ पासून रीफ बांधणाऱ्या पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ती तोडायची नाहीत. समुद्रफेस मात्र म्हाकूल साफ करताना टाकूनच दिला जातो.

कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत, लवचिक थराची गोष्ट जास्त अवघड. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे एकदा झिजली की ती भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. १९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात परत घातल्याचं प्रसिद्ध केलं. स्टेम सेलपासून कूर्चा करायची तर पेशी सपाट बशीत पसरून चालत नाहीत, त्यांचा गोळा करून त्यांना वाढीचा योग्य संकेत द्यावा लागतो, हे १९९८ मध्ये कळलं. इथे मांडवासाठी कायटोसान वापरून पाहतात. ते कोळंबीच्या सालीतून निघतं आणि त्याची घडण कूर्चेतल्या शर्करांशी जुळते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या पायाशी त्या सालींचे ढीग असतात, आणि तासन्‌तास उकिडवं बसून त्यांचेच गुडघे दुखत असतात.

अडचण एक उरलीच आहे. स्टेम सेलपासून झालेली कूर्चा मऊ, चिवट राहत नाही. ती कडक होत हाडाच्या वाटेला लागते. शेवटी पेशी त्याच, मज्जेतल्या.