दशावतार आणि नमन-खेळे: संकासुर एक, रंगभूमी दोन

कोकणाबाहेरच्या प्रेक्षकाला दशावतार आणि नमन-खेळे हे एकाच कलेचे दोन प्रकार वाटतात, आणि या गैरसमजाचे मोठे कारण संकासुर आहे. काळा वेष आणि काळे तोंड असलेले हे सोंग दोन्हीकडे येते, दोन्हीकडे आरंभी गणपतीला वंदन होते आणि दोन्हीकडे रात्र जागवली जाते. प्रत्यक्षात मात्र या दोन रंगभूमींचा प्रदेश निराळा, काळ निराळा आणि त्या उभ्या करणारी माणसेही निराळी आहेत.

दशावतार मुख्यतः सिंधुदुर्गाचा आणि त्याला लागून असलेल्या गोव्यातील पेडण्याच्या बाजूचा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवाची पालखी देवळाभोवती फिरून आल्यावर रात्री उशिरा नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. ते सादर करणारी मंडळी व्यावसायिक असतात. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी परिसरातील नाट्यमंडळे आपला पेटारा घेऊन गावोगाव फिरतात, आणि अनेक देवळांच्या जत्रेची रात्र कोणत्या मंडळाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

नमन-खेळे रत्नागिरी जिल्ह्याचे. संगमेश्वर, गुहागर, लांजा, राजापूर या भागांत ते विशेष जोमाने टिकून आहेत. त्यांचा खरा काळ शिमग्याचा. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवण्याच्या गावच्या ओट्यावरून, निघून घरोघर जाते तेव्हा गावातलेच, बहुतांशी कुणबी समाजातले, शेतकरी खेळे होऊन तिच्यासोबत फिरतात आणि अंगणात मृदंग व टाळांच्या साथीवर नाचतात. येथे कलावंत बोलावून आणलेला नसतो, गाव स्वतःच देवापुढे उभा राहतो. माझ्या मते या दोहोंतला सर्वांत मूलभूत फरक हाच, कारण पुढचे बहुतेक फरक त्यातूनच निघतात.

फिरत्या मंडळाला दर रात्री नव्या गावात नवे आख्यान उभे करावे लागते, म्हणून दशावताराची सारी भिस्त नटाच्या वाणीवर असते. पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि विष्णू यांची पात्रे येऊन जातात. नाव दशावतार असले तरी दहाही अवतार रंगमंचावर येतात असे नाही. त्यानंतरच्या आख्यानाला छापील संहिता नसते. रामायण, महाभारत किंवा पुराणांतील कथा आणि प्रवेशांचा क्रम आधी ठरतो, पण संवाद नटाने त्या क्षणी, समोरच्या पात्राचे बोलणे ऐकून रचायचे असतात. राजापार्टी नट आणि स्त्रीपार्टी करणारा पुरुष नट एका बाकड्याभोवती, पखवाज, पायपेटी आणि झांजेच्या साथीवर दरबार, वन आणि रणांगण उभे करतात, तेव्हा त्यांच्या पाठांतराचा नव्हे, तर पुराणांच्या व्यासंगाचा आणि हजरजबाबीपणाचा कस लागतो. अशी परीक्षा रोज रात्री देणारे नट मराठी रंगभूमीवर इतरत्र क्वचितच आढळतील, आणि त्यांच्या विद्वत्तेला पुरेसा मान मिळत नाही याची खंत वाटते.

नमनात एकट्या नटापेक्षा समूह मोठा असतो. आरंभीची नमने देवदेवतांना आणि धरित्रीला वंदन करतात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, आणि पायांची लय मृदंगाशी बांधलेली राहते. पुढे गण, गौळण आणि शेवटी वगनाट्य असा क्रम येतो. या वगाची बहुधा लेखी संहिता आणि तालीम असते, त्यामुळे दशावतारातील उत्स्फूर्त संवादाची अपेक्षा येथे धरणे योग्य नव्हे. कामधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी नमन तेथील नाट्यगृहांत नेले आणि त्यातून वगाचा भाग, नेपथ्य व प्रकाशयोजना वाढत गेली. अंगणातील खेळ्यांचे रूप मात्र अजून पालखीशीच जोडलेले आहे.

आता संकासुराकडे वळू. दशावतारात तो वेद चोरणारा दैत्य आहे. मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो आणि अखेर विष्णूशी त्याची लढाई होते. त्याचे काम कथेतले आहे, आणि ते पूर्वरंगातच संपते. खेळ्यांतला संकासुर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू असा येतो, मुलांना भिववतो, घराघरांत त्याची वाट पाहिली जाते, आणि त्याचा शेवट करायला कोणी विष्णू येत नाही. एकाच नावाच्या सोंगाला एका जिल्ह्यात पराभूत दैत्याची आणि शेजारच्या जिल्ह्यात पालखीबरोबरच्या मानाच्या पाहुण्याची जागा मिळावी, हे मला या दोन परंपरांविषयीचे सर्वांत विचार करण्याजोगे सत्य वाटते.

महोत्सवांत दोन्ही कला काही मिनिटांत उरकल्या जातात, तेव्हा दशावतारातून आख्यानातला संवाद गळतो आणि नमनातून पालखी. उरतात ते रंगीत वेष, आणि मग हे दोन्ही सारखेच आहेत असे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. फरक पाहायचा असेल तर कार्तिकानंतर सिंधुदुर्गातील एखाद्या जत्रेत दहीकाल्यापर्यंत बसावे आणि फाल्गुनात संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडीत पालखीच्या मागे चालावे.