लिम्फोमातील परिघीय चेताविकार

लिम्फोमा या लसिका संस्थेच्या कर्करोगात, किंवा त्याच्या उपचारांमुळे, मेंदू व मज्जारज्जू यांच्या बाहेरच्या नसांना होणारी इजा. बोलण्यात ‘न्यूरोपथी’ हाच शब्द रूढ आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातले मराठी रुग्ण तक्रार सांगतात ती साधारण अशी : पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं, चप्पल कधी निसटली ते कळतच नाही.

ही इजा आजारापेक्षा उपचारांमुळेच अधिक होते. लिम्फोमाच्या अनेक प्रकारांत दिल्या जाणाऱ्या ‘आर-चॉप’ या औषधयोजनेतले व्हिन्क्रिस्टीन हे तिचे मुख्य कारण. सदाफुलीपासून मिळवलेल्या या औषधाला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. पेशी विभागताना ज्या सूक्ष्मनलिका लागतात त्या ते निकामी करते, म्हणून कर्करोगाची वाढ थांबते. मात्र नसेच्या तंतूतली ने-आणही अशाच नलिकांवरून चालते. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब असल्याने त्रास तिथून सुरू होतो, पुढे हातांच्या बोटांत येतो. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया रुग्णाला काही जाणवण्याआधीच मंदावलेली असू शकते. बद्धकोष्ठता आणि जबड्याचे दुखणे हेही याच औषधाचे नसांवरचे परिणाम असू शकतात. पोटाचे किंवा दाताचे म्हणून ते अंगावर काढू नयेत. एका वेळचा डोस बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत तो यामुळेच. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाने व्हिन्क्रिस्टीनचा हा विषारी परिणाम वाढतो. नायट्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेली कॅप्सूल बऱ्याचदा नेमकी हीच असते, म्हणून ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. अंगणातल्या सदाफुलीची पाने चघळणे हा कर्करोगावरचा उपचार नव्हे; किमो चालू असताना तर ती मुळीच घेऊ नयेत.

निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या बायकांचे सगळे काम बोटांच्या टोकांवर चालते : पान कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. विडी सैल पडू लागली किंवा दोऱ्याची गाठ सुटू लागली तर तो केवळ अशक्तपणा समजू नये. खानापूरकडे भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला काटा रुतलेला कळत नाही; जखम चिघळल्यावर, आणि तीही घरच्यांच्या, लक्षात येते. बंबातले पाणी आधी कोपराने पाहावे, पाय रोज रात्री उजेडात तपासावेत. उपचार थांबतील या भीतीने मुंग्या लपवणारे रुग्ण असतात. खरे तर लवकर सांगितले तर डोस कमी करून उपचार पुढे नेता येतात. पाऊल उचलेनासे झाल्यावर ते औषध बंदच करावे लागू शकते.

प्रत्येक बधिरता किमोची नसते. मधुमेह, बी-१२ ची कमतरता आणि कुष्ठरोग यांची तपासणी इथे आवश्यक आहे. प्रतिकारशक्ती घटल्याने नागीणही उठते आणि तिच्यामागे जळजळ राहते. काही लिम्फोमांत रक्तातली विकृत प्रथिने नसांच्या आवरणावर हल्ला करतात. क्वचित कर्करोगाच्या पेशी थेट नसेतच शिरतात (न्यूरोलिम्फोमॅटोसिस). त्यात तीव्र वेदना होतात आणि बहुधा एकाच हाताची किंवा पायाची शक्ती जाते. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे, कारण तिथे उपचार कमी करायचे नसून अधिक जोरदार द्यायचे असतात. त्यासाठी नसांची वहनचाचणी, एमआरआय, पेट-सीटी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करतात.

किमोमुळे होणारी न्यूरोपथी खात्रीने टाळणारे औषध अजून नाही. वेदनेवर ड्युलोक्सेटीनचा काहींना उपयोग होतो. ‘नसांची गोळी’ म्हणून सर्रास दिले जाणारे बी-१२ कमतरता असेल तरच कामाचे. व्हिन्क्रिस्टीन बंद झाल्यावरही काही आठवडे मुंग्या वाढू शकतात, मग त्या महिनोन्‌महिने हळूहळू उतरतात. काहींच्या पायांत थोडी बधिरता कायमची राहते.